डंप रोज निघतो, मग रिस्टोअरची तालीम कशाला?

रातकिडा
नव्या सहकाऱ्याचा हट्ट आहे की दर आठवड्याला बॅकअप कोऱ्या डेटाबेसवर चढवून बघायचा. आमचा पोस्टग्रेस डेटाबेस जेमतेम 40 जीबीचा. रात्री 2 वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) पीजी_डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारी कमांड, चालतो, त्याचं आउटपुट पाइपने थेट जीझिपमध्ये जाऊन आवळलं जातं, फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पडते. चार वर्षांत एकदाही गरज पडली नाही. मला तरी ही हौस वाटते. तुम्ही कुणी खरंच करता का हे?

कोरी_पाटी
म्हणजे चार वर्षं फाइल उघडलेलीच नाही! आमचं ऐका. पोस्टग्रेस सर्व्हर आवृत्ती 14 वरून 16 वर नेला, बॅकअपच्या मशीनवर पीजी_डंप मात्र 14चाच राहिला. जुना पीजी_डंप नव्या सर्व्हरला हात लावत नाही, एरर देऊन बाहेर पडतो. ती एरर कुणीतरी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकललेली. जीझिपने इमानदारीत शून्य बाइट आवळून 20 बाइटची फाइल केली. पाइपमध्ये शेल बघतं शेवटच्या कमांडचा निकाल, म्हणजे क्रॉनच्या लेखी सगळं आलबेल. अकरा दिवस रोज 20 बाइट.
कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचंही जानेवारी 2017 मध्ये हेच निघालं होतं: पीजी_डंप 9.2चा, डेटाबेस 9.6चा, बॅकअपची जागा रिकामी.

रातकिडा
ही तर स्क्रिप्टची चूक. वर 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली की कळतं, फाइलचा आकार तपासा, मिटलं. त्यासाठी तालीम कशाला?

जुना_खिळा
आकार बरोबर, एक्झिट कोड शून्य (म्हणजे कमांड यशस्वी), तरी अडकाल. पीजी_डंप एका डेटाबेसचा असतो, युजर म्हणजे रोल त्यात येतच नाहीत. नव्या सर्व्हरवर चढवलंत की 'रोल नाही' म्हणून ओरड सुरू, आणि डंप चढवणारी पीएसक्यूएल कमांड सांगितल्याशिवाय एररवर थांबतही नाही. रोल पीजी_डंपऑल कमांडच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे काढावे लागतात.
दुसरं, वेळ. डंप 20 मिनिटांत निघतो, चढवताना इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) नव्याने बांधले जातात. आम्हाला तीन तास लागले होते, साहेब मागे उभे. आता डंप कस्टम फॉरमॅटमध्ये काढतो आणि चढवणाऱ्या पीजी_रिस्टोअरला चार जॉब, म्हणजे चार कामं एकाच वेळी. हे आकडे आधी माहीत असलेले बरे.

सावध_मांजर
रातकिडा यांची बाजू घेते, कारण वेगळं. आमच्या तालमीत खऱ्या ग्राहकांचा डेटा टेस्ट मशीनवर चढला. तिथे ॲपचं मेल पाठवणारं क्रॉन चालू होतं. शेकडो जणांना जुन्या बिलांची आठवण गेली. माफीची पत्रं मीच लिहिली. दर आठवड्याला हा खेळ? नको बाई.

कोरी_पाटी
तो दोष मशीन उघडं ठेवण्याचा, तालमीचा नाही. बाहेरचं नेटवर्क बंद करा, काम झालं की डेटाबेस ड्रॉप करा.

रातकिडा
महिन्यातून एकदा, त्यापुढे नाही. दर आठवड्याला म्हणजे अतीच. रोलचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं, ती ओळ आज रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये घालतोय. आणि हो, आत्ताच बघितलं, आमच्याही स्क्रिप्टमध्ये पाइपफेल नाहीये.