ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवलेली सवय

तिरकीट

काल ह्या फोरमवर 'पाचचा गजर' यांनी 'ग्रीकांकडून शिका सुखी आयुष्य' असा धागा काढला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, रोज वहीत खूण करा, २१ दिवसांत सद्गुण तुमचा. बाहेर काहीही होवो, सुखाला धक्का लागत नाही, कारण सुख मनात. आणि वर ठळक अक्षरांत, ॲरिस्टॉटलच्या नावाने: 'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, म्हणून उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे.' तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं आणि लांबलं.

ते वाक्य ॲरिस्टॉटलचं नाही. विल ड्युरंट ह्या अमेरिकन लेखकाचं आहे, १९२६ सालच्या पुस्तकातलं. तो बिचारा ॲरिस्टॉटलचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगत होता. लोकांनी पुढे ते अवतरणचिन्हांत घालून ॲरिस्टॉटलच्या खात्यावर जमा केलं. आता ते जिमच्या भिंतीवर असतं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सोमवारी येतं.

बरं, वाक्य कुणाचं का असेना, अर्थ तरी धड घ्या. 'निकोमाखियन एथिक्स' ह्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ॲरिस्टॉटल म्हणतो की लायर हे तंतुवाद्य वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवूनच वाईटही होतो. माझंच सांगतो. शाळेत असताना सहा वर्षं तबला वाजवला, रोज दीड तास, एक दिवस खाडा नाही. धिरधिर मी मनगट सैल न सोडता कोपरातून रेटायचो. ठाय लयीत कुणाच्या लक्षात यायचं नाही. लय चढली की बोलांची खिचडी. नव्या गुरुजींनी पहिल्या दिवशी हात बघितला, डग्गा बाजूला सारला आणि म्हणाले, "वाजवू नकोस. नुसता पंजा पुडीवर ठेव आणि कलता कर, इकडून तिकडे." दीड महिना आवाजच काढू दिला नाही. त्या सहा वर्षांच्या वहीत दोन हजारांवर खुणा झाल्या असत्या.

ॲरिस्टॉटलच्या अटी तीन: काय करतोय ते कळून करावं, ते स्वतः निवडून त्याच्यासाठीच करावं, आणि ते न डळमळणाऱ्या स्वभावातून यावं. ह्या बसलेल्या स्वभावाला तो हेक्सिस म्हणतो. अंगवळणी पडणं वेगळं आणि अंगी बाणणं वेगळं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. शिवाय त्याची कसोटी भारी आहे: संयम पाळताना आनंद वाटला तर तो संयमी, कष्टी होऊन पाळला तर नाही. पाचला उठून दिवसभर ते चारचौघांना सांगत फिरणारा ह्यात कुठे बसतो, ते ज्याचं त्याने बघावं.

आणि 'बाहेरच्या परिस्थितीने फरक पडत नाही' हे तर स्टोइकांचं, म्हणजे ग्रीकांमधल्या दुसऱ्याच एका पंथाचं. ते ॲरिस्टॉटलच्या तोंडी घालणं म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा आपल्या रेशनकार्डावर चढवणं. हा उलट म्हणतो: मित्र लागतात, थोडा पैसा लागतो, मुलंबाळं धड लागतात, रूपही अगदीच वाईट असून चालत नाही. छळाच्या चाकावर पिळला जाणारा माणूस केवळ सज्जन आहे म्हणून सुखी, असं म्हणणारे बरळतात, असं त्याने सरळ लिहून ठेवलंय.

पाचचा गजर

विल ड्युरंटबद्दल आभारी आहे. एका वाक्याचा मालक बदलल्याने माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं.

आता मुद्द्याचं. ४७व्या वर्षी माझी नोकरी गेली. शुक्रवारी चारला केबिनमध्ये बोलावलं, साडेचारला लॅपटॉप जमा. घराच्या कर्जाची नऊ वर्षं बाकी. तुमचा ॲरिस्टॉटल तेव्हा मला काय सांगतो? पैसा नाही, पद नाही, मित्र फोन उचलत नाहीत, तेव्हा चांगलं आयुष्य तुझ्या नशिबी नाही, पुढचा या!

मला उभं केलं एपिक्टेटसने. स्टोइकच, जन्माने गुलाम, पायाने अधू. तो म्हणतो, मत, इच्छा, नावड ह्या गोष्टी आपल्या; शरीर, मालमत्ता, लौकिक, पद हे आपलं नाहीच. ज्या झेनोने ही स्टोइक परंपरा सुरू केली त्याचं तर जहाज फुटलं, जांभळ्या रंगाचा सगळा माल बुडाला, तेव्हा तो अथेन्सला येऊन पोचला असं सांगतात. गार पाण्याची खुशाल चेष्टा करा. त्या सहा महिन्यांत अख्ख्या दिवसात माझ्या हातात तेवढीच एक गोष्ट होती.

गंगाजळी

हे सगळं स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत आहे. ग्रीकांच्या दारात जायची गरजच काय?

तिरकीट

आलात? वाटच बघत होतो. आज उशीर केलात.

शब्दवेल्हाळ

मूळ गोची 'सुख' ह्या शब्दात आहे आणि हे मी इथे आठ वर्षं ओरडतोय. ज्या ग्रीक शब्दाचं तुम्ही 'सुख' करता तो युडायमोनिया, आणि युडायमोनिया म्हणजे सुख नव्हे! जिलबी खाल्ल्यावर होतं ते सुख. एका पाकोळीने वसंत येत नाही, तसं एका दिवसाने माणूस धन्य होत नाही, हे ॲरिस्टॉटलचंच (हे खरंच त्याचं आहे, तपासून घ्या). हिशेब अख्ख्या आयुष्याचा. हेरोडोटसच्या इतिहासात अथेन्सचा शहाणा सोलोन त्या श्रीमंत राजा क्रीससला तेच सुनावतो की मरेपर्यंत कुणाला भाग्यवान म्हणू नये. आपल्याकडे म्हातारी माणसं गेलेल्याबद्दल 'जन्माचं सोनं झालं' म्हणतात, ते जवळचं. तसंच ज्याचं 'सद्गुण' करतात तो ग्रीक शब्द आरेटे, आणि आरेटे म्हणजे सद्गुण नव्हे. आरेटे सुरीलाही असते, घोड्यालाही असते. सुरी काय सत्यवचनी असते? ती बरी कापते, बस. 'सद्गुण' म्हटलं की शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो आणि झोप येते.

सांजवात

गजरसाहेब, तुमच्या एपिक्टेटसच्या त्या छोट्या पुस्तकात तिसऱ्याच कलमात काय आहे ते पण सांगा की. मुलाचा पापा घेताना मनाशी म्हणावं, मी एका मर्त्य माणसाचा पापा घेतोय. म्हणजे उद्या ते गेलं तर त्रास होणार नाही. माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला. चोवीस दिवस काचेच्या पेटीत. पेटीच्या गोल भोकातून हात घालून मी त्याचं करंगळीएवढं पाऊल धरून बसायचे. तेव्हा कुणी मला हे ऐकवलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. ह्याला शहाणपण म्हणत असतील तर मी अडाणीच बरी.

पाचचा गजर

ताई, मार्कस ऑरेलियस हा स्टोइक रोमचा सम्राट असून त्याची निम्म्याहून जास्त मुलं लहानपणीच गेली. तो स्वतःच्या वहीत लिहितो: दुसरा माणूस मागतो, माझं मूल जाऊ नये; तू माग, ते जाण्याची भीती जावी. ह्यात तुम्हाला दगड दिसतो? मला रात्री दोनला जागा असलेला बाप दिसतो.

सांजवात

हे वाक्य चांगलं आहे. एपिक्टेटसवरचा राग कायम.

चूलबोळकी

कोण कशाला पाचला उठतं ते वाचून करमणूक झाली. मी साडेचारला उठते, कारण नळाला पाणी पाचलाच येतं. मला कुणी स्टोइक म्हटलेलं नाही.

माझा साधा प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलच्या घरची भांडी कोण घासत होतं? 'एथिक्स'च्या दहाव्या भागात तो सांगतो की सर्वांत उत्तम आयुष्य चिंतनाचं, आणि त्याला सवड हवी. ती सवड कुणाच्या मनगटाच्या जोरावर? त्याचंच 'पॉलिटिक्स' काढून बघा: काही माणसं निसर्गानेच गुलाम, आणि बाईला विचारशक्ती आहे पण तिचा अधिकार चालत नाही. आरेटे म्हणे. आमची आरेटे बहुतेक सुरीसारखीच, बरी कापते.

तिरकीट

२,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचा चष्मा लावू नये एवढंच म्हणतो. मृत्युपत्रात त्याने बऱ्याच जणांना मुक्त केलं. माझी सेवा केलेल्या मुलांना विकू नका, वयात आल्यावर लायकीप्रमाणे सोडा, असं लिहिलंय.

चूलबोळकी

मृत्युपत्र मीही वाचलंय. अँब्राकिस नावाच्या दासीला मोकळं करा, माझ्या मुलीच्या लग्नात तिला ५०० द्राख्मा द्या, आणि आत्ता तिच्या हाताखाली आहे ती दासीही द्या. सुटलेल्या दासीला आहेर काय, तर दासी! आणि काळाचं म्हणाल तर 'गुलामी निसर्गाविरुद्ध आहे, निव्वळ बळजबरी आहे, असं काहींचं म्हणणं' हे त्यानेच त्या पुस्तकात नोंदवलंय. म्हणजे बोलणारे तेव्हाही होते. त्याने ऐकलं आणि खोडून काढलं.

बागबान

म्हणून मी म्हणतो एपिक्युरस वाचा, तोही ग्रीक तत्त्वज्ञच. त्याची शाळा बागेत भरायची, आणि त्या बागेत बायका होत्या, गुलामही होते. चीजचं एक मडकं पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा चंगळ करता येईल, असं मित्राला लिहिणारा माणूस.

चूलबोळकी

बागेतले गुलाम कुणाचे होते, दादा? मिस नावाच्या गुलामाला आणि आणखी तिघांना सोडतो असं त्याच्याही मृत्युपत्रातच आहे. सगळ्यांना मरतानाच कसं आठवतं?

पाचचा गजर

चला, ॲरिस्टॉटललाही शुक्रवारी चारला केबिनमध्ये बोलावलं.

तिरकीट

प्रत्येक धाग्यावर भांडी आणायचीच हा आता काही जणांचा हेक्सिस झाला आहे. चूलबोळकीताई, तुमच्या घरी कामाला कुणी येत नाही का? मग तुमच्या सवडीचं काय?

चूलबोळकी

माझ्या घरी कुणी येत नाही. मीच जाते, चार घरी पोळ्या करायला. बी.ए. आहे, शंका असेल तर. त्यातल्या एका घरी आजोबांची नजर गेली. तव्यावरची शेवटची पोळी उतरली की अर्धा तास मी त्यांना वाचून दाखवते, मृत्युपत्रंसुद्धा. आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींचा चहाचा कप कुठे असतो?

गंगाजळी

ही वैयक्तिक पातळी झाली. संपादकांनी लक्ष घालावं.

बागबान

नळाचं पाणी चालतं, नोकरी चालते, काचेची पेटी चालते, कप वैयक्तिक?

तिरकीट

दोन दिवस लिहिलं नाही. गजरसाहेब, आधी तुमचं. तुमचं अर्धं मान्य. 'एथिक्स'च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो की मोची मिळालेल्या कातड्यातून होईल तेवढा चांगला जोडा करतो. तसं चांगला माणूस वाट्याला आलेल्या दिवसांचं करतो. सहा महिने तुम्ही तेच केलंत. पण जोडा बरा झाला म्हणून कातडं चांगलं होतं असं लोकांना सांगू नका, आणि त्याचे धडे तर काढूच नका.

चूलबोळकीताई, 'एथिक्स'चा आठवा भाग पुन्हा काढला. गुलामाशी गुलाम म्हणून मैत्री शक्य नाही, कारण तो जिवंत हत्यार. पण माणूस म्हणून शक्य आहे. एकाच माणसाने ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि पुढच्या विषयाकडे वळला. त्याच भागात थोडं आधी म्हण दिली आहे की बरोबर बसून मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. इतकी वर्षं ते पान मी मैत्रीवरचं म्हणून वाचत होतो. काळाचा चष्मा वगैरे मी म्हणालो ते मागे घेतो. भांड्यांवरून बोललो तेही.

कप खिडकीत असतो. स्टीलचा, कान नसलेला. काल आत आणून आमच्या कपांशेजारी ठेवला. आज सकाळी मावशींनी त्यातून चहा घेतला, विसळला आणि परत खिडकीत नेऊन ठेवला.

शब्दवेल्हाळ

'जन्माचं सोनं' ह्यावर एकानेही मत दिलेलं नाही. वेगळा धागा काढतो.