जीपीएल २ चा कोड आणि ओपनएसएसएल ३, एकाच पॅकेजात चालेल का?

अंबडवाला_डेव्ह:
नमस्कार मंडळी, आमचं अंबडला छोटं युनिट आहे, दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजना तापमानाची नोंद ठेवणारा बॉक्स देतो. आतला प्रोग्राम जीपीएल २ (कोड खुला ठेवायला लावणारं लायसन्स) असलेल्या एका जुन्या प्रोजेक्टवर बांधलाय, त्याचं डेब पॅकेज (डेबियन लिनक्सवर इन्स्टॉल करायची फाईल) आम्हीच बनवतो. डेबियन ११ वरून १२ वर गेलो तसं ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ जाऊन ३ आलं, त्याचं लायसन्स आता अपाचे २. एका एक्स्पोर्टवाल्याने सगळ्या लायसन्सची यादी मागितली आणि तिथेच अडलंय. सरळ जीपीएल ३ करून टाकू का? सीझन तोंडावर आलाय.

गोदाकाठ:
थांबा भाऊ, परस्पर बदलू नका, सगळा कोड तुमचा नाहीये. आधी प्रत्येक फाईलच्या वरची कॉमेंट वाचा. "आवृत्ती २ किंवा नंतरची कुठलीही" असं असेल तर प्रश्न मिटला, जीपीएल ३ खाली द्या, त्यात अपाचे २ बसतं. फक्त २ असेल तर नाही बसत, अपाचेत पेटंटच्या जादा अटी आहेत आणि जीपीएल २ जादा अट चालवूनच घेत नाही. नुसती लायसन्सची फाईल बघून हे कळणार नाही, तिच्यातला मजकूर दोन्ही वेळी सेमच असतो. प्रत्येक फाईलचं लायसन्स शोधून दाखवणारं लायसन्सचेक हे टूल चालवा.

सातपूर_लिनक्स:
पण ओपनएसएसएल सिस्टीम लायब्ररी धरतात ना, म्हणजे सिस्टीमसोबत येणारा भाग, ज्याला जीपीएलमध्ये सूट आहे? डेबियनवाले पण तसंच धरतात.

गोदाकाठ:
जीपीएल २ चं कलम ३ बघा, ती लायब्ररी प्रोग्रामसोबतच दिली तर सूट नाही. हे तर आख्खी सिस्टीम कार्डात भरून बॉक्सच देतात.

अंबडवाला_डेव्ह:
चालवलं. बाकी सगळीकडे "किंवा नंतरची" आहे, पण सेन्सर वाचायच्या फाईलींत फक्त २. मूळ लेखक मेलला उत्तर देत नाहीत.

पंचवटी_कोडर:
उत्तर आलं तर ओपनएसएसएलशी लिंक करायची लेखी परवानगी मागा, तीही चालते. नाहीतर त्या फाईली नव्याने लिहा, जुन्या समोर न ठेवता. किंवा ओपनएसएसएल कर्लमधून (नेटवरून डेटा पाठवायची लायब्ररी) वापरत असाल तर कर्लचं जीएनयूटीएलएसवालं (ओपनएसएसएलला पर्याय) डेव्ह पॅकेज घ्या, बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) एक ओळ बदलते, आणि जीएनयूटीएलएस एलजीपीएल २.१ (जीपीएलचा सौम्य प्रकार) किंवा नंतरचं असल्यामुळे जीपीएल २ ला चालतं. पण मग एलडीडी (प्रोग्राम कुठल्या लायब्ररी ओढतो ते दाखवणारी कमांड) मारून बघाच, डेबियनच्या कर्लमागून एसएसएच, कर्बेरॉस (लॉगिनसंबंधीच्या लायब्ररी) येतात आणि त्यांच्यामागून ओपनएसएसएलचाच भाग असलेली लिबक्रिप्टो परत आत. तसं दिसलं तर ज्यांच्यामागून ती येते ते भाग बंद करून कर्ल स्वतः बिल्ड करा, आणि पॅकेजची कॉपीराइट फाईल त्याच दिवशी अपडेट करा, गिऱ्हाईक तीच उघडून बघणार.