अँबॅसिडर १४८९ पेट्रोल: फॅन बेल्ट काढून एकच सर्पेंटाईन बेल्ट बसवायचाय, कुणी केलंय का?

लातूरची_मार्क४:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ ची अँबॅसिडर आहे, मार्क ४, तेच जुनं बीएमसीचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. बॉडी झाली, सीटा झाल्या, गाडी रोज वापरायची म्हणून एसी टाकला आणि तिथूनच डोक्याला ताप सुरू झाला. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून ६० अँपियरचा अल्टरनेटर आधीच बसवलेला होता, तो आणि वॉटर पंप मूळच्या फॅन बेल्टवर, आणि एसीच्या कॉम्प्रेसरसाठी बसवणाऱ्यानं क्रँक पुलीला (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची पुली) पुढून दुसरी पुली वेल्ड करून दिली, तिच्यावर वेगळा व्ही-बेल्ट, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत बसणारा जाड बेल्ट. आता रात्री हेडलाईट, ब्लोअर, एसी सगळं चालू असलं की बेल्ट चिर्र करून ओरडतो, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, मांजरसुंब्याच्या घाटात तर एसी बंदच करावा लागतो. आवळला की थोडे दिवस गप, परत तेच. आवळून आवळून वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं, नवा पंप टाकलाय तर त्याचंही तेच होईल असं दिसायलंय.

नव्या गाड्यांना असतो तसा उभ्या रेघांचा चपटा सर्पेंटाईन बेल्ट आणि त्याला ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर लावला तर हे कायमचं मिटेल का? अमेरिकन व्ही-८ ला तयार किट मिळतात, आपल्या इंजिनाला तसलं काही मला तरी सापडलं नाही. पुल्या कुठं करून घ्याव्यात, काय काय बघावं लागतं, जाणकारांनी सविस्तर सांगा.

जालना_गॅरेज:
भाऊ, आधी आहे ते नीट करून बघा. तुमचा बेल्ट कमजोर नाही, लाईन गेलीय, पुल्या एका रेषेत नाहीत. वेल्ड केलेली पुली कधीच सरळ बसत नाही, इंजिन चालू करून बाजूनं बघा, पुली डुलताना दिसेल, आणि डुलणाऱ्या पुलीवर कोणताही बेल्ट टाका तो ओरडणारच. एक अखंड दोन खाचांची क्रँक पुली लेथवर करून घ्या, कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट जाड पट्टीचं करा, चांगल्या कंपनीचा बेल्ट टाका, निम्म्या खर्चात काम होतंय.

दुसरं, गाडी १९८४ ची आहे हे ध्यानात ठेवा. २०२१ ला केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी मूळ स्वरूपात असली तर तिची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए येतं. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तुमची २०३४ ला तिथं पोचतेय. म्हणून जे काय कराल ते बोल्ट खोलून परत मूळचं बसवता येईल असं करा, आणि जुन्या पुल्या, डायनामो, त्याचं ब्रॅकेट काहीच भंगारात देऊ नका. लोकं दोनशे रुपयाला विकून मोकळे होतात आणि मग गावोगाव शोधत फिरतात.

वाळूज_टर्नर:
जालन्याच्या दादांचं लाईनीबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, पण एसी आणि अल्टरनेटर दोन्ही असले तर मी सर्पेंटाईनच्याच बाजूचा आहे आणि कारण सांगतो. ६० अँपियर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॅट नुसते बाहेर निघतात, अल्टरनेटर स्वतः बरंच उष्णतेत घालवतो म्हणजे बेल्टाकडून तो दीड किलोवॅटच्या आसपास, जवळजवळ दोन हॉर्सपॉवर ओढतो. मूळचा लुकास सी४० डायनामो २२ अँपियरचा होता, त्या हिशोबानं ती पुली आणि तो बेल्ट होता. आता लहान पुलीवर जाडजूड व्ही-बेल्ट वाकवायचा आणि वर तिप्पट ओढ द्यायची, तर तो घसरणारच, मग आपण आवळतो, आणि आवळलेला सगळा ताण जातो पंपाच्या बेअरिंगवर. चपटा बेल्ट पातळ असतो, लहान पुलीवर सहज वळतो, पकड सगळ्या रेघांत वाटली जाते, आणि स्प्रिंगचा टेन्शनर बेल्ट गरम असो की थंड, नवा असो की जुना, ताण सारखाच ठेवतो. रोज आवळायची भानगडच नाही.

आता खरी मेख. लोकं पुल्यांचा विचार करतात, बेल्टाच्या वाटेचा करत नाहीत. चपट्या बेल्टाला दोन बाजू असतात, रेघांची आणि पाठीची. रेघांची बाजू ज्या पुलीवर जाते ती क्रँकच्या दिशेनं फिरते, पाठ ज्या पुलीवर टेकते ती उलटी. तुमच्या इंजिनात क्रँक खाली, पंप मधे वर, एका हाताला अल्टरनेटर, दुसऱ्या हाताला कॉम्प्रेसर. आता अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर पंपापेक्षा उंच बसवले, तर त्या दोघांमधला बेल्ट पंपाच्या डोक्यावरून निघून जातो, पंपाला धरतच नाही. मग कुणीतरी हुशारी करून बेल्टाची पाठ पंपावर दाबतो. झालं! पंप उलटा फिरला, पंख्याची पाती उलटी फिरली, हवा रेडिएटरकडं फेकायला लागली आणि पाणीही धड ढकललं जात नाही. मे महिन्यात लातूरला अशी गाडी औशाच्या पुढं जाणार नाही. नव्या गाड्यांत पाठीवर चालणारे पंप असतात पण त्यांचा आतला इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) त्याच दिशेचा घडवलेला असतो.

म्हणून दोन्ही वस्तू पंपापेक्षा खाली बसवा म्हणजे पंप सगळ्यात वरचं टोक होतो आणि बेल्ट त्याच्यावरून रेघांनीच वळतो. जागा नसली तर पाठीवरून दाबणारा साधा सपाट आयडलर, म्हणजे नुसती बेल्टाची वाट वळवणारी मोकळी पुली, लावून बेल्टाची मिठी वाढवावी लागते. क्रँकवर निम्मा तरी घेर आणि अल्टरनेटरवर पाव घेराच्या वर बेल्ट टेकलाच पाहिजे.

टेन्शनर नेहमी ढिल्या बाजूला. गाडीच्या पुढं इंजिनाकडं तोंड करून उभे राहा, क्रँक घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणजे बेल्ट क्रँकवरून सुटून तुमच्या डाव्या हाताला वर जातो, ती ढिली बाजू. उजव्या हाताची ओढलेली. ओढलेल्या बाजूला टेन्शनर लावला तर कॉम्प्रेसरचा क्लच पकडताच त्याचा हात मागं ढकलला जातो आणि बेल्ट फडफडतो.

चारी पुल्यांची मापं टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल.

लातूरची_मार्क४:
दादा, एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. व्हर्निअरनं बाहेरून घेतलेली मापं अशी: क्रँक १३० मिमी, पंप १२५, अल्टरनेटर ६८. कॉम्प्रेसरच्या क्लचला व्ही पुली आहे पण दुकानदार म्हणतो त्याच मॉडेलला रेघांचा क्लच मिळतो. अल्टरनेटर पंपापेक्षा खालीच आहे, कॉम्प्रेसर मात्र वर बसवलाय, तो खाली घ्यावा लागेल असं दिसतंय. दोन शंका आहेत. क्रँक पुली बदलली तर टायमिंगची खूण जाईल, मग इग्निशन कसं लावायचं? आणि आमच्याकडं काळ्या मातीचा फुफाटा एवढा असतो की उघडा बेल्ट टिकेल का?

परभणी_जीप:
फुफाट्याचं मी सांगतो, माझ्या जीपला रेघांचा बेल्ट आहे आणि शेतातल्या रस्त्यावरच गाडी असते. धुळीनं बेल्ट तुटत नाही, बारीक वाळू रेघांत बसून पुली घासते. ॲल्युमिनियमची पुली सुंदर दिसते पण खाचांची टोकं झिजून चाकूसारखी होतात आणि मग तीच पुली नवा बेल्ट खाते. स्टीलचीच करा. आणि बेल्ट तडे बघून बदलायची जुनी सवय सोडा, आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, त्यांना तडे लवकर जातच नाहीत, रेघा झिजून खोलगट होतात. बघायला नवा दिसतो आणि पावसात घसरतो. बोट फिरवून बघा, रेघेचा तळ पुलीला टेकायला लागला की बेल्ट संपला. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे तर चुकूनसुद्धा मारू नका, चिकटपणावर धूळ बसून लगदा होतो.

पंख्याबद्दल पण एक. नवी रेघांची पुली जुन्या पत्र्याच्या पुलीपेक्षा रुंद येते आणि पंखा तिच्याच पुढं त्याच चार बोल्टांवर असतो. म्हणजे पंखा रेडिएटरकडं सरकणार. आधी मोजा, नसता पहिल्याच खड्ड्यात पाती रेडिएटरच्या जाळीत घुसतील.

वाळूज_टर्नर:
परभणीकरांनी माझं निम्मं काम केलं. पंखा पुढं येत असला तर पंपाची पुली खोलगट घडवा, रिम इंजिनाकडं आणि बसायची चकती मूळ जागी, म्हणजे पंखा होता तिथंच राहतो.

तुमच्या मापांवरून सांगतो. आता १३० ला ६८ म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे दोनपण होत नाहीत, ७०० आरपीएमच्या आयडलला तो १३४० च्या आसपास फिरतो, एवढ्यावर तो काय चार्ज करणार, दिवा मिणमिणतो तो यामुळं पण. क्रँक १४५ आणि अल्टरनेटर ५५ घेतला तर तेच आयडलला १८४५ होतात, आणि इंजिन ४८०० ला ताणलं तरी अल्टरनेटर १२,७०० च्या आत राहतो, त्याला काही होत नाही. ४५ च्या खाली पुली नेऊ नका. पंपाचं प्रमाण मात्र आहे तेच ठेवा, क्रँक १४५ तर पंप १४०. पंप हळू केला तर ट्रॅफिकमधे गाडी तापेल, फार पळवला तर पाण्यात फेस होतो.

बेल्ट ६पीके घ्या. सहा रेघा, प्रत्येक खाचेतलं अंतर ३.५६ मिमी, खाचेचा कोन ४० अंश, एकूण रुंदी २१ मिमीच्या थोडी वर. लेथवाल्याला आयएसओ ९९८१ चा पीके प्रोफाईल सांगा, अंदाजानं व्हीचा टूल घासून खाचा पाडू देऊ नका. वाळूजला, चिकलठाण्याला सीएनसीवाले पुष्कळ आहेत, त्यांचं रोजचं काम आहे हे, पण एक-दोन नगासाठी मशीन सेट करायला कंटाळतात, म्हणून तिन्ही पुल्या एकदम ड्रॉईंगसकट न्या. मटेरियल ईएन८ स्टील.

क्रँक पुलीचा बॉस, म्हणजे मधली नळी, टायमिंग कव्हरच्या ऑईल सीलमधे फिरतो, तो भाग गुळगुळीत ग्राईंड झाला पाहिजे नसता महिन्याभरात तेल गळायला लागेल. आणि टायमिंगचं टेन्शन घेऊ नका. पुली क्रँकवर चावीनं बसते, म्हणजे खूण आणि चावीची खाच यांच्यातला कोन पक्का असतो. जुनी पुली नमुना म्हणून द्या, तोच कोन धरून नव्या पुलीच्या मागच्या कडेवर खूण पाडायला सांगा. बसवायच्या आधी एक नंबरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून ठेवायचा आणि पुली चढवली की कव्हरवरच्या टोकाशी खूण जुळते का ते बघायचं. हँडल मारायचा डॉग नट परत तोच लावा, त्याची लॉक पट्टी नवी टाकून वाकवा.

कामाचा क्रम चुकवू नका. पंप जागचा हलत नाही, म्हणून त्याची पुली आधी बसवा आणि तिचं तोंड हीच लाईन धरा. सरळ पट्टी लावून क्रँक त्या लाईनीत आणा, मग अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर शिम (पातळ चकत्या) टाकून. पट्टी पुलीच्या कडेला नाही तर खाचेला धरून तपासा, कारण प्रत्येक पुलीची कडा वेगळ्या जाडीची असते. पुल्या बसल्यावर डोलणं मोजणारा डायल गेज लावून हातानं इंजिन फिरवा, डोलणं दिसलं तर तिथंच थांबा. बेल्टाची लांबी सगळ्यात शेवटी, टेन्शनर अर्ध्यावर ओढून बांधा आणि पुल्यांवरून बारीक तार फिरवून मोजा. तार १३२० आली तर ६पीके१३२० मागायचा, नंबरातच मिलिमीटर असतात. बेल्ट आधी विकत घेऊन त्याच्या मापात ब्रॅकेट बसवायला जाऊ नका.

लातूरची_मार्क४:
कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट आजच खोललं दादा. खालच्या बाजूला इंजिन माउंटिंगजवळ चार बोटं जागा निघतेय, पण हिटरचा पाईप आडवा येतो. पाईप वळवतो, पुठ्ठ्याच्या चकत्या कापून सगळी वाट मांडून बघतो आणि फोटो टाकतो, मगच ड्रॉईंग करू.

वाळूज_टर्नर:
टाका. फोटो अगदी समोरून घ्या, तिरका नको, आणि क्रँकवर मोजपट्टी धरा. टेन्शनर जुन्या बाजारातून घेणार असाल तर त्याचा हात हातानं दाबून बघा, सहज दबला किंवा मधेच अडकत असला तर घेऊ नका, तेवढी एक वस्तू नवीच घ्या.