पोतनीस की पोतनवीस?

प्रश्न : आमचे आडनाव पोतनीस, परंतु आजोबांच्या एका जीर्ण दस्तात ते ठसठशीत अक्षरांत 'पोतनवीस' असे लिहिलेले आढळले. हा लेखनदोष समजावा काय?

उत्तर १ : मुळीच नाही. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा, आणि तेच झिजून मराठीत 'नीस' झाले. पोते म्हणजे सरकारी खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस, आणि फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस.

उत्तर २ : 'फडणवीस' हेदेखील 'फर्दनवीस'पासून आलेले असून फर्द म्हणजे हिशेबाचा कागद. अशी आडनावे हुद्द्यावरून पडल्यामुळे केवळ त्यांवरून कूळ ठरवू नये. नाना फडणवीसांचे घराणे मूळचे भानू.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता दस्तातील इतर आडनावेही पुन्हा वाचतो.