मदत हवी आहे: प्रथिनांच्या विघटनाने कर्करोगाचा प्रसार थांबतो की वाढतो?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी 'प्रथिनांचं विघटन आणि मेटास्टॅसिस' (कर्करोगाचा शरीरात इतरत्र प्रसार) हा विषय घेतलाय. वाचन बरंच झालं, पण जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय.

युबिक्विटिन या छोट्या खूण-प्रथिनाची यंत्रणा (२००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तीच) कळली आहे. ई१, ई२, ई३ ही एन्झाइमं एकापाठोपाठ काम करून प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी चढवतात आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं कापणारं यंत्र) त्याचे तुकडे करतो. घोडं अडतं ते पुढे.

स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनचं जनुक दाबून ठेवतं. ई-कॅडहेरिन गेलं की शेजारच्या पेशींची पकड सुटते आणि पेशी हिंडायला मोकळी. एरवी जीएसके-३-बीटा हे एन्झाइम स्नेलवर फॉस्फेट लावतं, ते ओळखून बीटा-टीआरसीपी (ई३चा भाग) त्याला प्रोटिअसोमकडे धाडतं. स्नेलचं अर्धायुष्य जेमतेम २५ मिनिटं. म्हणजे विघटनामुळे प्रसाराला लगाम बसतो. ठीक.

पण हकाई नावाचं ई३ खुद्द ई-कॅडहेरिनवरच युबिक्विटिन चढवतं, ते पेशीपटलावरून आत ओढलं जातं आणि लायसोसोममध्ये (पेशीतल्या पाचक पिशवीत) संपतं. इथे विघटनच प्रसाराला वाट करून देतंय!

मग बोर्टेझोमिबचं काय? प्रोटिअसोम रोखणारं हे औषध २००३ पासून मल्टिपल मायलोमासाठी (अस्थिमज्जेतला एक रक्तकर्करोग) मान्यताप्राप्त आहे. त्याने स्नेल साठून प्रसार वाढायला नको का? घन गाठींमध्ये ते फारसं चाललं नाही, त्याचं कारण हेच का? आणि या सगळ्यात ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) कुठे बसवू? गाईडना विचारलं तर 'रिव्ह्यू वाच' म्हणतात. रिव्ह्यू वाचूनच हे प्रश्न पडलेत.

प्रतिसाद १

प्रोटिअसोमला आवडनिवड नसते, ती ई३ करतात. माणसात ते सहाशेच्या वर आहेत. त्यामुळे 'विघटन' असा सरसकट हिशेब मांडू नका, ई३ आणि त्याचं सावज अशी एकेक जोडी घ्या. शिकवायला सगळ्यात सोपी जोडी व्हीएचएल (ई३चा भाग) आणि हिफ-१-अल्फा (ऑक्सिजन कमी पडला की कामाला लागणारं प्रथिन). ऑक्सिजन पुरेसा असला की हिफवर हायड्रॉक्सिल गट लागतो, व्हीएचएल त्याला पकडतं आणि हिफ नष्ट होतं. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात बहुतेकदा व्हीएचएलच निकामी असतं. मग ऑक्सिजन असूनही हिफ साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

बोर्टेझोमिबने सगळंच एकदम तुंबतं. स्नेल साठू शकतं हे खरं, पण आय-कप्पा-बीसुद्धा साठतं आणि ते एनएफ-कप्पा-बीला (जनुकं चालू करणारं प्रथिन) अडकवून ठेवतं. स्नेलला बळ देणाऱ्यांत एनएफ-कप्पा-बी आहेच. म्हणून निकाल पेशीगणिक बदलतो. मायलोमाच्या पेशी अँटिबॉडींचा ढीग तयार करतात, निचरा थांबला की त्या कचऱ्यातच मरतात. घन गाठींतल्या अपयशाचं खापर स्नेलवर फोडायला पुरेसा आधार नाही. औषध गाठीत खोलवर पुरेसं पोचत नाही, हे एक कारण दिलं जातं.

प्रतिसाद २

ऑटोफॅजी टप्प्यानुसार बसवा. सुरुवातीला ती गाठीतला दाह आणि पेशींचं सडून मरणं आटोक्यात ठेवते, म्हणजे प्रसाराच्या आड येते. पेशी मूळ जागेवरून सुटली की खरं तर मरायला हवी (अ‍ॅनॉइकिस). तिथे ऑटोफॅजी तिला तगवते. शिवाय पुढे सरकायचं तर मागची फोकल अ‍ॅढिजन्स (पेशीला बाहेरच्या जाळ्याशी धरून ठेवणारे सांधे) मोडावी लागतात, त्यातही ऑटोफॅजीचा हात असतो.

एमएमपीच्या (पेशीबाहेरची प्रथिनं कापणारी एन्झाइमं) वाटेला मात्र जाऊ नका. तो पेशीबाहेरच्या जाळ्याच्या विघटनाचा विषय, सेमिनार तिथेच संपेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेमिनार स्नेलपुरताच ठेवतो. एक उपप्रश्न: डब३ हे एन्झाइम स्नेलवरची साखळी काढून त्याला वाचवतं. मग औषधासाठी ई३ पेक्षा डब३ सोपं लक्ष्य नाही का?

प्रतिसाद १

काही अंशी हो. डब३ला स्वतःचं सक्रिय केंद्र आहे, तिथे रेणू बसवता येतो. बरेचसे ई३ नुसते जुळवून आणण्याचं काम करतात, त्यांना रोखायला पकड सापडत नाही. अडचण एवढीच की डब३ इतरही प्रथिनांच्या साखळ्या काढतं, सीडीसी२५ए (पेशीविभाजनाला चालना देणारं प्रथिन) त्यातलंच. ही स्लाइड शेवटी ठेवा, परीक्षक प्रश्न तिथेच विचारतील.