सुई टोचताना मुलांना व्हीआर चष्मा: सक्ती कशाला?

माधवी_क: कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे, ‘व्हीआर चष्मा (डोळ्यांपुढे आभासी जग दाखवणारा) चढवला की मूल सुईला घाबरत नाही, प्रत्येक बालरुग्णालयात सक्तीचा करा.’ माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे, सतत रक्त चढवावं लागतं. हाताला बधिर करणारं मलम लावून तासभर थांबा म्हटलं, तर ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ मलमाला वेळ नाही तिथे चष्मे कसले आणताय?

गेमवेडा_बाबा: मलमाने कातडी बधिर होते, भीती जात नाही. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा व्हीआर खेळ आणला. पट्टी बदलताना रुग्ण बर्फाचे गोळे फेकत बसायचे. लक्ष तिकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं.

पिवळी_सुई: मी बालविभागात सिस्टर आहे. २०२० चा कॉक्रेन आढावा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा) बघा: १७ चाचण्या, हजारेक मुलं, पुरावा कमकुवत. ती मुलंही चार वर्षांपुढची. आमच्याकडे सगळ्यात जास्त हाल दीड-दोन वर्षांच्यांचे. गुबगुबीत हात, शीर दिसत नाही, तळहाताखाली टॉर्च धरून शोधायची. त्यांना कुठला चष्मा बसवणार?

माधवी_क: मग त्यांच्या आयांना बाहेर का काढता? आत चौघांनी माझ्या पोराला दाबून धरलेलं, आणि मी दाराबाहेर त्याच्या हाका ऐकत उभी!

पिवळी_सुई: एका आईने ऐन वेळी माझा हात ओढला, लागलेली शीर गेली, लेकराला पुन्हा टोचावं लागलं. त्याचा जाब कुणी द्यायचा?

अजित_७: जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच लसीकरणासाठी सांगितलंय: पालक जवळ हवेत, तान्ह्याला अंगावर पाजत टोचावं.

पिवळी_सुई: कागदावर सगळं सोपं. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात असतो, या एकदा.

गेमवेडा_बाबा: अहो, विषय चष्म्याचा होता! माझी मुलगी आठ वर्षांची, टाईप वन मधुमेह. रक्त काढायचं म्हटलं की लॅब डोक्यावर घ्यायची. चष्मा लावला तर ‘झालं पण?’ म्हणाली. याला कमकुवत पुरावा म्हणायचं?

माधवी_क: तिला उपयोग झाला, मानलं. मोठ्या मुलांसाठी ठेवा एखादा. सक्ती करायचीच तर मलमाची करा, आईला आत घेण्याची करा.

पिवळी_सुई: आईला घेईन आत. पण तिने पोराला धरायचं, माझा हात नाही. आणि मलमाची ट्यूब आधी आमच्या स्टोअरला पोचू दे.