मदत हवी आहे: अवेळी हिमवादळ, वीज नाही आणि सोबत वयस्कर मंडळी

नातेवाइकांकडे सहकुटुंब मुक्कामाला असतानाच हंगामाआधी हिमवादळ आले. झाडांची पाने अजून गळलेली नसल्याने ओल्या, जड बर्फाच्या भाराने फांद्या विजेच्या तारांवर कोसळल्या आणि सकाळपासून वीज नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यामुळे उबेसाठी घरात कोळसा पेटवण्याचा विचार (तो सुचवणारे घरातच आहेत!) मी मोडून काढला असून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून आम्ही सर्वजण एकाच खोलीत बसलो आहोत. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, मग सासूबाईंचे इन्सुलिन नेमके कुठे ठेवावे? शिवाय, पाइप फुटू नयेत म्हणून नळाची बारीक धार सुरू ठेवणे पुरेसे आहे, की पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करावेत? अनुभवी सदस्यांनी कृपया लवकर सांगावे.